पॉवर काढली म्हणजे मॅन्युअल होत नाही भो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांचं पान येतं ते मी नेमानं वाचतो, म्हणजे सोमवारी ते पान आमच्या गॅरेजात हात पुसायला जातं पण त्याच्या आधी वाचून झालेलं असतं. मागच्या रविवारी त्यात छोट्या स्पोर्ट्स कारच्या स्टेअरिंगवर लेख होता, मॅन्युअल म्हणजे नुसत्या हाताच्या जोरावरचं बरं, का पॉवर म्हणजे मशीनच्या मदतीचं बरं, असा. लिहिणाऱ्यानं तीन गोष्टी ठोकून दिल्या. पहिली, की स्पोर्ट्स कारला पॉवर स्टेअरिंग नसणं म्हणजे कंपनीचा कंजूषपणा आणि चालवणाऱ्याची गाढवमेहनत. दुसरी, की तरीपण कुणाला ती जुनी मजा पाहिजेच असेल तर आपल्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचा बेल्ट काढून टाका, झाली मॅन्युअल, फुकटात स्पोर्ट्स कार. तिसरीचं शेवटी सांगतो. पहिली वाचून हसलो, दुसरी वाचून चहाचा ठसका लागला, कारण हे छापायच्या आधी रस्त्यावरच्या कोणत्याही मिस्तरीला विचारलं असतं तरी त्यानं हात जोडले असते.

माझं गॅरेज भुसावळला जामनेर रोडला आहे, चौतीस वर्षं झाली. त्याच्या आधी जळगावला अजिंठा चौफुलीजवळ एका उस्तादाकडं पाने उचलून द्यायचं काम करायचो. त्यामुळं मॅन्युअल स्टेअरिंग मला पुस्तकातून माहीत नाही, खांद्यातून माहीत आहे. आमचे एक काका एसटीत ड्रायव्हर होते, चाळीसगावहून कन्नड घाट चढवायचे त्या काळातल्या गाडीवर, पॉवर बिवर काही नाही, आणि त्यांचं मनगट बघितलं तर वाटायचं हा माणूस पैलवान आहे का काय. एसटीचं ते परातीएवढं स्टेअरिंग असायचं ना, ते शोभेला नव्हतं, जेवढा घेर मोठा तेवढी ताकद कमी लागते, तरफेचा साधा हिशेब आहे. आता आमच्याकडं कॉलेजची पोरं येतात, मारुती ८०० ला छोटं रेसिंगचं स्टेअरिंग बसवा म्हणतात, मग आठ दिवसांनी येऊन म्हणतात काका गाडी जड झाली. होणारच. ३८० मिलिमीटरच्या जागी ३२० चं बसवलं तर त्याच कामाला साधारण १९ टक्के जास्त जोर लावावा लागतो, गाडी तीच, टायर तेच, फक्त घेर कमी झाला.

पण मूळ मुद्दा असा की जड आहे म्हणजे काय ते आधी ठरवा. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवून सगळे ठरवतात, शोरूममध्येसुद्धा तेच करतात, गिऱ्हाइकाच्या बायकोला बसवतात आणि म्हणतात बघ ताई एका बोटानं फिरतं. उभ्या गाडीत तुम्ही रबर डांबरावर घासत असता, ओलं दळण जात्यावर ओढल्यासारखं, ते जड लागणारच. गाडी जरा सरकू द्या, चालायच्या वेगानं जरी सरकली तरी तेच चाक निम्म्याहून हलकं होतं, आणि तीस-चाळीसच्या वर गेलात की मॅन्युअल आणि पॉवर यातला फरक नव्या माणसाला सांगावा लागतो. म्हणून आमच्या उस्तादाचं पहिलं शिकवणं हेच होतं, उभ्या गाडीला स्टेअरिंग मारायचं नाही, आधी गाडी हलव मग हात हलव. पॉवर आल्यापासून ही सवय गेली आणि टाय रॉड एन्डचा, म्हणजे चाकाला वळवणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्याचा, धंदा वाढला, आपल्याला काय, चांगलंच आहे.

आता ही लेखातली गाडी. त्यांनी फोटो छापला होता तो जपानच्या माझदा कंपनीच्या मियाटाचा, पहिल्या पिढीची, ते झाकण उघडून वर येणारे हेडलाइट असलेली. आपल्याकडं ती कंपनीनं कधी विकली नाही त्यामुळं खान्देशात कुणाला माहीत नसणार असं लेखकाला वाटलं असावं. पण योगायोग असा की माझा भाचा, सावद्याच्या बहिणीचा पोरगा, अमेरिकेत ओहायोत नोकरीला आहे आणि त्यानं हीच गाडी जुनी घेतली आहे, १९९० च्या दशकातली, लाल. घरचे केळीचे ट्रक भरताना मोठा झालेला पोरगा, त्याला दोन सीटची गाडी कशाला लागते असं बहीण अजून विचारते. तिला व्हिडिओ कॉलवर डिकी दाखवली तर म्हणाली यात तर केळीचा एक घडपण आडवा बसणार नाही.

१९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली. १६०० सीसीचं इंजिन, वजन साधारण साडेनऊशे ते हजार किलो, इंजिन पुढं पण पुढच्या चाकांच्या जरा मागं सरकवून बसवलेलं म्हणजे पुढं-मागं वजन जवळपास निम्मं-निम्मं, आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. म्हणजे पुढच्या चाकांवर फार तर पाचेकशे किलो आणि त्यांना फक्त वळायचं काम, ओढायचं नाही. अशा गाडीला पॉवर स्टेअरिंगची गरज किती ते तुम्हीच बघा. अमेरिकेत तिची सगळ्यात स्वस्त गाडी १३,८०० डॉलरला होती तिच्यात साधं स्टेअरिंग यायचं, पॉवर पाहिजे तर वरचे पैसे द्या. मग इथं लेखक म्हणतील बघा, पैसे वाचवले ना. वाचवले, मान्य. पण ते इथवरच खरं आहे.

कारण ज्यांच्याकडं पैसा वाचवायचं काही कारणच नव्हतं त्यांनीपण हेच केलं. फेरारीची एफ-४० घ्या, मॅकलारेनची एफ-१ घ्या, १९९० च्या आसपासच्या जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्यांतल्या या दोन, दोघींना पॉवर स्टेअरिंग नाही. पोर्शेची ९११ १९६० च्या दशकात आली आणि तिला पॉवर स्टेअरिंग मिळालं १९८९ मध्ये ९६४ मॉडेल आलं तेव्हा, इंजिन मागं असल्यानं पुढचा भाग हलका, इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. लोटस एलीस १९९६ ची, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, आपल्या मारुती ८०० पेक्षा थोडीच जड, तिला नाही. अल्फा रोमियोनं तर पार २०१३ मध्ये ४सी काढली, बॉडीचा सांगाडा कार्बन फायबरचा, त्यात पॉवर स्टेअरिंगचे पैसे वाचवायला ते काय भुकेले होते का. होंडाचं तर आणखी गमतीचं आहे, १९९० च्या एनएसएक्समध्ये ऑटोमॅटिक गिअर घेतला तर इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आणि हातानं गिअर टाकायची घेतली तर साधं. म्हणजे त्या इंजिनिअर लोकांनी गिऱ्हाईक बघून ठरवलं, ज्याला आराम पाहिजे त्याला आराम आणि ज्याला गाडीशी बोलायचंय त्याला बोलू द्या.

बोलायचं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील मिस्तरी कविता करायला लागला. वळणावर गाडी टाकली की टायर स्वतःहून सरळ व्हायला बघतो, तो जोर स्टेअरिंगमधून हाताला लागतो, जितकं जास्त वळवाल तितका वाढतो. पण टायरची पकड संपत आली की पकड सुटायच्या थोडं आधी तो जोर कमी व्हायला लागतो, स्टेअरिंग हातात एकदम पोकळ लागतं. हा निरोप आहे. साध्या स्टेअरिंगमध्ये तो निरोप टायरपासून रॅक म्हणजे चाकं वळवणारी दात्यांची आडवी दांडी, रॅकपासून कॉलम म्हणजे स्टेअरिंगचा उभा दांडा, कॉलमपासून तळहात असा सरळ येतो, मध्ये कुणी दलाल नाही.

माझ्याकडं झेन होती, पॉवरच्या आधीची. शहाद्याकडून तोरणमाळला सातपायरी घाट चढतो ना, तिथं श्रावणात एकदा उतरताना एका वळणावर रस्त्यावर लाल मातीचा गाळ वाहून आला होता, धुक्यात दिसला नाही, ना मला ना शेजारी बसलेल्याला. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं. स्टेअरिंग लोण्यासारखं झालं, मी पाय उचलला, हात थोडा सरळ केला, गाडी फूटभर बाहेर सरकून परत धरली. शेजारी बसलेला म्हणतो काय झालं, म्हटलं काही नाही, बस. त्याच घाटात नंतर एका गिऱ्हाईकाची मोठी पॉवरवाली गाडी उतरवली, ती वर गाळावरपण तशीच हलकी आणि खाली डांबरावरपण तशीच हलकी, मग निरोप कुठून समजणार. सगळ्याच पॉवर स्टेअरिंग अशा मुक्या नसतात हे पण सांगतो नाहीतर तुमचे लेखक मलाच पकडतील.

आता दुसऱ्या मुद्द्यावर येतो, पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

भाच्याची गाडी पॉवरवाली निघाली. घेतली तेव्हा ठीक होती, मग पंपातून ऑइल गळायला लागलं, थंडीत सुरू केली की कण्हायची. त्याला तिकडं कुणीतरी तुमच्या लेखासारखाच सल्ला दिला की बेल्ट काढ, रॅकचे दोन पाईप एकमेकाला जोडून दे, विषय संपला. पोरानं रविवारी सकाळी तेच केलं आणि संध्याकाळी मला फोन, म्हणजे त्याची संध्याकाळ आणि आपली पहाट. अहिराणीत सुरू झाला, मामा, माले तं जड लागस भो, लय जड, बाकीच्यांना तर मॅन्युअलची मजा येते म्हणतात. मी म्हटलं बेटा तू मॅन्युअल केलीच नाही, तू पॉवरवालीचा जीव काढून मढं चालवतोय.

पॉवरचा रॅक आणि साधा रॅक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे कळलं की बाकी सगळं कळतं. पॉवरच्या रॅकमध्ये आत एक पिस्टन असतो, त्याच्या दोन्ही बाजूला ऑइल. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा कॉलमच्या खाली एक बारीक पोलादी दांडी असते, टॉर्शन बार, ती जराशी पिळली जाते, त्या पिळण्यानं व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिनवरच्या पंपाचं ऑइल पिस्टनला त्या बाजूला ढकलतं. आता पंपाचा बेल्ट काढला. पिस्टन आतच आहे, सील आतच आहे, त्यातलं ऑइल इकडून तिकडं ढकलायचं काम आता पंप नाही तुमचे हात करतात, म्हणजे विहिरीची मोटर बंद केली आणि पाणी तोंडानं ओढा म्हणून सांगितलं. वर ती पिळणारी दांडीपण तिथंच, म्हणजे हात आधी दांडी पिळतो, मग गाडी वळते, सरळ रस्त्यावर मधोमध स्टेअरिंग रबरासारखं लागतं. ज्या नेमक्या अनुभवासाठी एवढं केलं तोच गेला. आणि ऑइल काढून कोरडी चालवली तर सील वाळतात, आत गंज चढतो, सहा महिन्यांनी रॅकच भंगारात.

त्याच्या वर सगळ्यात मोठी गोष्ट, दात्यांचा हिशेब. मियाटाच्या साध्या रॅकचं प्रमाण १८ ला १, म्हणजे स्टेअरिंग १८ अंश फिरवलं की चाक एक अंश वळतं, आणि पॉवरवाल्याचं १५ ला १, म्हणजे साध्या स्टेअरिंगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ३.३ फेरे आणि पॉवरवाल्याला साधारण २.८. कंपनीनं साध्यात मुद्दाम जास्त फेरे दिलेत, हातानं फिरवायचं आहे तर थोडं जास्त फिरवा पण हलकं फिरवा. रहाटाचं चाक मोठं असतं तसं. पॉवरवाल्यात ताकद मशीनची म्हणून फेरे कमी. आता मशीन काढलं तर कमी फेऱ्यांचं सगळं ओझं खांद्यावर. म्हणून बेल्ट काढलेली गाडी ही मॅन्युअलपेक्षा जड असते, कायम असते, आणि लोक ती चालवून म्हणतात मॅन्युअल असंच असतं. मॅन्युअलची बदनामी अर्धी यातून झालीय.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याला अर्धंच पटलं. मग मागच्या वर्षी उन्हाळ्यात बहीण आणि आम्ही दोघं तिकडं गेलो. मी जळगावच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढूनच नेलं होतं, बायको म्हणाली नातवंडं नाहीत बघायला तर गाडी बघायला चाललेत. तिथं त्याच्या ऑफिसातल्या एका माणसाकडं अगदी तशीच गाडी, पण कंपनीतूनच साध्या स्टेअरिंगची आलेली, एसीपण नाही. शनिवारी एका चर्चच्या मागचं रिकामं पार्किंग गाठलं, तीन गाड्या उभ्या, म्हणजे भाच्याची बेल्ट काढलेली, त्या माणसाची साधी, आणि तिसरा एक जण चालू पॉवरवाली घेऊन आला होता. स्टेअरिंग डाव्या बाजूला, मी पहिल्यांदा सवयीनं उजव्या दाराकडं गेलो आणि बसल्यावर बघतो तर समोर काहीच नाही, सगळे हसले.

पॉवरवाली आधी घेतली. छान गाडी, खोटं कशाला बोलू, दोन बोटांत उलटी फिरते, आणि माझदानं तिचं पॉवर अगदी लोणचं-पापडाएवढंच ठेवलंय, नुसती हलकी केली नाही. मग साधी. पहिल्यांदा पार्किंगमधून काढताना दंडाला कळलं की हो बाबा काहीतरी हातात आहे, पण गाडी हलली आणि संपलं. मी ५८ वर्षांचा माणूस, उजवा खांदा धरतो, तरी अर्धा तास चालवली आणि परत द्यायची इच्छा होईना. जमिनीवरचा जोड, सिमेंटच्या दोन पाट्यांमधली फट, पांढऱ्या पट्ट्याचा जाड रंग, सगळं हाताला मोजून लागत होतं. मग भाच्याची घेतली. दोन वळणं मारली आणि चावी त्याच्या हातात दिली. तो माणूस ज्याची साधी गाडी होती त्याला वाटायचं पॉवर काढलेली म्हणजे त्याच्यासारखीच, त्यानंपण चालवली आणि म्हणाला ही तर बिघडलेली वाटतेय. मी म्हटलं बिघडवलेली आहे.

खरं करायचं तर दोनच रस्ते आहेत. एक, कंपनीचा साधा रॅक मिळवून तो बसवायचा. दोन, पॉवरचाच रॅक पूर्ण खोलायचा, पिस्टनचा सील काढायचा, व्हॉल्व्हकडची ती पिळणारी जागा वेल्डिंग करून एकजीव करायची, नवीन ग्रीस भरायचं, पाईपांची तोंडं नीट बंद करायची. फेरे कमीच राहतात म्हणून उभ्यानं जड लागतं पण चालताना नेमकं लागतं, बऱ्याच मियाटावाल्यांना तेच आवडतं. मात्र स्टेअरिंगवर वेल्डिंग म्हणजे येरागबाळ्याचं काम नाही, तिथं टाका सुटला तर दवाखाना. आणि तिसरा रस्ता जो मी भाच्याला सांगितला होता, की पंपाचं सील किट टाक आणि पॉवर आहे तशी वापर, तो त्यानं ऐकला नाही, तरुण आहे.

आता आपल्याकडचं. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा आला, गावाचं नाव सांगत नाही, हायड्रॉलिक पॉवरची जुनी हॅचबॅक. जळगावात कुणीतरी त्याला बेल्ट काढून दिला होता आणि दोनशे रुपये घेतले होते, वर सांगितलं की आता रेसिंग झाली. पुढच्या चाकांवर इंजिन, गिअरबॉक्स, एसी सगळं बसलेलं, टायर कंपनीपेक्षा दोन नंबर रुंद. ती गाडी तो आईला घेऊन धुळ्याला नेत होता, हायवेला समोरून ट्रक आला म्हणून पटकन कट मारायला गेला तर स्टेअरिंग हललंच नाही पाहिजे तेवढं, गाडी साईडपट्टीवरून खाली. नशीब शेत होतं, कापूस आडवा झाला, माणसं ठीक. मियाटा नाही हो ही, हिच्या पुढच्या चाकांवर कितीतरी जास्त वजन आणि रॅक पॉवरचा, तिथं बेल्ट काढणं म्हणजे स्वतःहून कुऱ्हाडीवर पाय. तुमचा लेख असल्या शंभर पोरांनी वाचला असेल. इलेक्ट्रिकवाल्यात तर कुणी फ्यूज काढून बघतात, तिथंही तीच गत, मोटर आणि तिचे गिअर तुम्हालाच ओढत न्यावे लागतात.

माझा पॉवर स्टेअरिंगला विरोध आहे असं कृपा करून छापू नका. बोलेरो पिकअपमध्ये रावेरहून केळी भरून निघालेल्या माणसाला मॅन्युअलचे फायदे सांगायला गेलात तर तो तुम्हाला घडानं मारेल आणि बरोबर करेल. ती वस्तू निघालीच जड गाड्यांसाठी, फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९२० च्या दशकात हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग बनवलं, दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांत ते चाललं आणि मग १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इंपिरियलमध्ये पहिल्यांदा विकत घेणाऱ्या साध्या माणसाला मिळालं, ती गाडी म्हणजे चालता बंगला. आणि इलेक्ट्रिक पॉवर आली ती उलट एकदम छोट्या गाडीतून, १९८८ ची सुझुकी सर्वो, जपानच्या गल्लीबोळात पार्किंग करायला. म्हणजे दोन्ही वेळी गरज खरी होती. माझी बायको गाडी चालवते ती पॉवरमुळं, तिचं मनगट मोडून बसलंय एकदा, तिला मी झेनचे गुण सांगत बसत नाही, जेवायचं असतं घरी. शेवभाजी तीच करते.

पण दोन सीटची, हजार किलोच्या आतली, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, जी कुणी बाजारहाटाला घेत नाही, फक्त वळणांसाठी घेतो, तिथं हलकेपणा विकत घेऊन वर निरोप गमवायचा हा सौदा मला तोट्याचा वाटतो. आता तर पर्याय फारसे राहिले नाहीत, मियाटासुद्धा २०१५ पासून इलेक्ट्रिक पॉवरची येते, चांगली करतात ते, सॉफ्टवेअरनं जड-हलकं ठरवतात, पण ठरवतंय सॉफ्टवेअर.

आणि एक, कुणाकडं जुनी साध्या स्टेअरिंगची छोटी गाडी असेल आणि ती खरोखर जड झाली असेल तर लगेच पॉवर बसवायला धावू नका, आधी सकाळी गार टायरला हवा तपासा, आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपारी भरलेली हवा रात्री कमीच निघते आणि हवा कमी म्हणजे स्टेअरिंग जड हे शंभरातल्या निम्म्या गाड्यांचं दुखणं आहे, मग बॉल जॉइंट कोरडे झालेत का, स्ट्रटचं म्हणजे पुढच्या शॉकअपच्या खांबाचं वरचं बेअरिंग कुरकुरतंय का, कॉलमचा जॉइंट गंजलाय का, अलाइनमेंटवाल्यानं फक्त टो म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती तेच बघून पैसे घेतले का कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं-पुढं कलपण बघितला, आणि कुणी हौसेनं रुंद टायर चढवलेत का. माझ्याकडं एक मास्तर ८०० घेऊन आले होते, म्हातारपणामुळं जड लागतंय म्हणायचे, स्वतःच्या. दोन बॉल जॉइंट आणि पंधरा पॉइंट हवा, मास्तर तरुण झाले.

भाच्याला अखेर भंगारवाल्याकडून साधा रॅक मिळालाय. तिकडं बर्फात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं खालचे सगळे नटबोल्ट गंजून एक झालेत, दोन शनिवार गेले आणि जुना रॅक अजून सुटला नाही. रोज फोटो पाठवतो, मी इकडून सांगतो गरम कर, मार, परत गरम कर.

आता ती तिसरी गोष्ट राहिली. लेखात चौकटीत छापलंय की इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचं ऑइल दर महिन्याला तपासा, कमी असेल तर भरा. साहेब, बहुतेक छोट्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक स्टेअरिंगला ऑइलची टाकीच नसते, कॉलमवर मोटर असते नुसती. सोमवारपासून माझ्याकडं तीन गिऱ्हाइकं तुमचं कात्रण घेऊन आली, बॉनेट उघडून उभी राहतात आणि म्हणतात टाकी दाखवा. एकानं तर शोधून शोधून ब्रेक ऑइलच्या टाकीत स्टेअरिंगचं ऑइल ओतलंय, त्याच्या ब्रेकची सगळी रबरं आता बदलावी लागतायत, मास्टर सिलिंडर खोलून माझ्यासमोर टेबलावर आहे. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी जरा मोठ्या अक्षरात छापा.

आपला नेहमीचा वाचक,
एक गॅरेजवाला, जामनेर रोड, भुसावळ